विषाणुसंसर्गानंतर सुरू होणारे फुप्फुसांचे ऑटोइम्यून आजार : अनुभव, माहिती आणि काही प्रश्न

नीलरेवा

विषाणूचा ताप येऊन गेल्यावर खोकला रेंगाळणे ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, आणि बहुतेक वेळा लक्ष द्यावे लागतही नाही. पण ज्या थोड्या लोकांच्या बाबतीत ताप उतरल्यानंतर दम लागणे कमी होण्याऐवजी आठवड्यागणिक वाढत जाते, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा धागा काढते आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला सर्दी-तापाचे साधे दुखणे झाले, ताप लवकरच उतरला आणि ती कामालाही लागली. कोरडा खोकला मात्र राहिला. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, मग बोलता बोलता वाक्य मध्येच सोडून श्वास घ्यावा लागू लागला. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात पांढरट छाया दिसली. तिला न्यूमोनिया ठरवून अँटिबायोटिक दिले गेले, ते संपल्यावर दुसरे दिले गेले, पण छाया काही हलली नाही. दरम्यान एएनए ही रक्तचाचणी झाली, ती निगेटिव्ह आली आणि ‘ऑटोइम्यून आजार नाही’, म्हणजे प्रतिकारयंत्रणा आपल्याच शरीरावर हल्ला करत नाही, असा शेरा फाइलवर पडला. त्या शेऱ्यापायी आमचा फार वेळ गेला, कारण पुढचे प्रत्येक डॉक्टर तो वाचूनच तपासायला सुरुवात करत होते.

शेवटी ज्यांनी निदान केले त्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावण्याआधी तिचे हात पाहिले. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कडेची कातडी जाड व खरखरीत झाली होती आणि तिला बारीक, काळपट भेगा पडल्या होत्या. ताई ते साबणामुळे झाले असे धरून चालली होती. मग त्यांनी तिला हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायला सांगितले. केस विंचरताना दंड भरून येतात का, सकाळी मूठ वळायला वेळ लागतो का, गार पाण्यात बोटे पांढरी पडतात का, असे एकेक विचारत गेले. दम लागतो म्हणून आलेल्या माणसाला हे प्रश्न कशासाठी, हे आम्हाला त्या क्षणी उमगले नाही. त्यांनी मायोसायटिस पॅनेल नावाची वेगळी चाचणी करायला सांगितली आणि तीत पीएल-१२ ही अँटीबॉडी सापडली. निदान झाले ते अँटीसिंथेटेज सिंड्रोम या स्नायू आणि फुप्फुसांना ग्रासणाऱ्या ऑटोइम्यून आजाराचे आणि त्यासोबत येणाऱ्या इंटरस्टिशियल लंग डिसीजचे, म्हणजे आयएलडीचे (फुप्फुसांतल्या वायुकोशांच्या भिंतींच्या आजाराचे).

सध्या स्टिरॉइड आणि मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू आहे आणि ताई सुधारते आहे. मला समजून घ्यायचे आहे ते असे की, हा आजार विषाणूने निर्माण केला की आतल्या आत सुरू असलेला आजार विषाणूच्या निमित्ताने उघडा पडला? आणि नुसता रेंगाळलेला खोकला कोणता व हा कोणता, हे वेळेत कसे ओळखायचे?

श्वासमार्ग

नीलरेवा, ताईंना उतार पडतो आहे हे वाचून फार बरे वाटले. मी छातीरोगतज्ज्ञ आहे. इथे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्यावे. कोणाच्याही रिपोर्टवर मी धाग्यातून मत देणार नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचीच गरज पडेल. विषाणुसंसर्गानंतर श्वासनलिकेचे अस्तर सोललेले आणि हळवे राहते, त्यामुळे थंड हवा, धूर किंवा नुसते हसणेही खोकल्याला पुरते. हा खोकला आठ आठवड्यांपर्यंत राहू शकतो, पण त्याची दिशा कमी होण्याकडे असते आणि त्यात चालताना रक्तातला ऑक्सिजन खाली जात नाही. आयएलडीमध्ये बिघाड नलिकांत नसून वायुकोशांच्या भिंतीत असतो. तिथे दिवस जातील तसे चालण्याचे अंतर कमी होत जाते, बसल्या जागी ऑक्सिजनचा आकडा बरा दिसतो पण थोडे भरभर चालल्यावर तो चार टक्के किंवा त्याहून अधिक घसरतो, आणि पाठीवर, खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवल्यास श्वास आत घेताना वेल्क्रोची पट्टी हळूहळू सोडवल्यासारखा आवाज येतो. हा आवाज ऐकायला यंत्र लागत नाही, पाठीवरचा कपडा बाजूला करण्याची तसदी तेवढी घ्यावी लागते. कपड्यावरून स्टेथोस्कोप टेकवून भागवले की तो हमखास निसटतो.

अँटिबायोटिकचा पुरेसा कोर्स होऊनही न हटणाऱ्या छायेला ‘न बरा झालेला न्यूमोनिया’ म्हणत राहण्याऐवजी एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) करावा, हे मी आग्रहाने सांगेन. त्याबरोबर श्वसनक्षमतेची चाचणी करताना केवळ फुंकर मारण्याच्या चाचणीवर थांबू नये, डीएलसीओ करून घ्यावी. वायुकोशातून रक्तात वायू किती सहज जातो हे तिच्यात मोजले जाते आणि पुष्कळदा फुप्फुसांची धारणशक्ती घटण्याआधीच हा आकडा घटलेला असतो.

आता एएनएबद्दल. ही चाचणी प्रामुख्याने पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी दाखवते. अँटीसिंथेटेज सिंड्रोममध्ये ज्या विकरांविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात ती विकरे केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात असतात. प्रथिने तयार होताना अमिनो आम्ल योग्य त्या टीआरएनएला जोडून देणे हे त्यांचे काम. त्यामुळे अशा रुग्णात एएनए निगेटिव्ह येणे मुळीच विचित्र नाही. काही वेळा प्रयोगशाळा ‘सायटोप्लाझ्मिक पॅटर्न’ अशी नोंद रिपोर्टच्या तळाशी करते आणि ती कोणी वाचत नाही. जो-१ ही या गटातली सर्वांत जास्त आढळणारी अँटीबॉडी. पीएल-७ आणि पीएल-१२ असलेल्या रुग्णांत स्नायूंचा त्रास कमी आणि फुप्फुसांचा जास्त असतो, म्हणून स्नायूंचे सीपीके हे विकरही नॉर्मल येऊ शकते आणि दिशाभूल आणखी वाढते.

कुतूहल

फार उपयुक्त धागा. श्वासमार्ग, एक शंका आहे. कोविडनंतर अनेकांच्या फुप्फुसांवर डाग राहिले होते आणि त्यांनाही स्टिरॉइड दिले गेले होते. ते सारे ऑटोइम्यून म्हणायचे का?

श्वासमार्ग

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. वायुकोशाचा जवळजवळ ९५ टक्के पृष्ठभाग पहिल्या प्रकारच्या अतिशय पातळ पेशींनी झाकलेला असतो आणि त्या स्वतः विभागू शकत नाहीत. त्या मेल्या की दुसऱ्या प्रकारच्या पेशी, ज्या एरवी सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा द्रव) तयार करतात, वाढतात आणि रिकाम्या जागा भरून काढतात. गंभीर विषाणुसंसर्गात दोन्ही प्रकार मारले जातात, दुरुस्ती अर्धवट राहते आणि तिथे दाह किंवा व्रणाची ऊती तयार होते. ही दुरुस्तीची गडबड आहे. शरीराने आपल्याच एखाद्या प्रथिनाला शत्रू ठरवले आहे असे तिथे असेलच असे नाही.

यातला ऑर्गनायझिंग न्यूमोनिया (दुरुस्तीची ऊती वायुकोशांत साचून राहणे) हा प्रकार स्टिरॉइडला चांगला दाद देतो. लंडनमध्ये कोविडमधून घरी गेलेल्या ८३७ रुग्णांचा पाठपुरावा करून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३५ जणांत आयएलडी राहिला होता, त्यातही बहुतांशी ऑर्गनायझिंग न्यूमोनिया होता. ३० जणांना स्टिरॉइडचा छोटा कोर्स दिला गेला आणि त्यांच्या वायू-वहनाच्या चाचणीत (वर सांगितलेल्या डीएलसीओत) सरासरी सुमारे ३१ टक्के सुधारणा झाली. तुलनेसाठी औषध न दिलेला गट त्यात नव्हता, हे लक्षात ठेवून ही आकडेवारी वाचावी.

अडचण अशी की, अँटीसिंथेटेज किंवा तत्सम आजारातही एचआरसीटीवर हुबेहूब हाच ऑर्गनायझिंग न्यूमोनिया दिसू शकतो. चित्र एक, कारणे दोन. कोविडनंतरचा समजून कोर्स दिला, रुग्ण सुधारला, डोस कमी करताच पुन्हा धाप सुरू झाली, असे घडले तर ऑटोइम्यून आजाराचा शोध नव्याने घ्यायलाच हवा.

अन्वय

माझे काम इम्युनॉलॉजीच्या प्रयोगशाळेत चालते, म्हणून नीलरेवा यांच्या पहिल्या प्रश्नावर थोडे लिहितो.

या विषयाचा इतिहासच एका साथीपासून सुरू होतो. १९१९ मध्ये अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी इन्फ्लुएंझाच्या महासाथीतील रुग्णांच्या फुप्फुसांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात १८ वर्षांच्या एका तरुणाचे वर्णन आहे. तो इन्फ्लुएंझातून उठला असे वाटत असतानाच काही आठवड्यांनी त्याच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला, मूत्रपिंडांनाही दाह झाला आणि तो दगावला. पुढे १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियात स्टँटन आणि टँज यांनी अशाच रुग्णांची मालिका मांडताना या आजाराला गुडपाश्चर यांचे नाव दिले, आणि १९६७ मध्ये अशा रुग्णांच्या मूत्रपिंडांतून वेगळ्या केलेल्या अँटीबॉडी माकडांना टोचल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांना तसाच दाह होतो हे दाखवले गेले. म्हणजे अँटीबॉडी केवळ आजाराची खूण नसून प्रत्यक्ष इजा करणारी आहे, हे त्या प्रयोगाने सिद्ध झाले. १९१९ मधल्या त्या तरुणात नेमकी हीच अँटीबॉडी होती का, हे तपासायची सोय त्या काळी नव्हती. हेच गुडपाश्चर १९३० च्या दशकात कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवण्याच्या पद्धतीसाठी ओळखले गेले, आणि त्या पद्धतीवर पुढे इन्फ्लुएंझाची लस उभी राहिली. एकाच माणसाच्या कामात विषाणू आणि ऑटोइम्युनिटी ही दोन्ही टोके असावीत याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

त्या आजारात हल्ला होतो तो चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनच्या अल्फा-३ साखळीवर. ही साखळी वायुकोश आणि मूत्रपिंडातील गाळण्या यांच्या पातळ पायापटलात (पेशींखालच्या आधाराच्या पडद्यात) असते, म्हणून हे दोनच अवयव होरपळतात. विशेष म्हणजे हल्ल्याची नेमकी जागा एरवी प्रथिनाच्या घडीत झाकलेली असते. संसर्ग, सिगारेटचा धूर, हायड्रोकार्बन वायू यांमुळे पटलाला इजा झाली तर ती उघडी पडते, आणि प्रतिकारयंत्रणेने जे कधी पाहिलेच नव्हते ते एकदम तिच्यासमोर येते. धूम्रपान करणाऱ्यांत या आजारात फुप्फुसातून रक्तस्राव होण्याचे प्रमाण ठळकपणे जास्त असते ते यामुळेच.

झाकलेली जागा उघडी पडणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग साधर्म्याचा आहे. विषाणूच्या एखाद्या प्रथिनाचा तुकडा आपल्या प्रथिनासारखा असेल, तर विषाणूविरुद्ध तयार झालेल्या टी-पेशी किंवा अँटीबॉडी आपल्या ऊतींनाही लागू पडतात. हे कारण सर्वांत जास्त सांगितले जाते, पण माणसांतल्या फुप्फुसविकारांत ते नि:संशय सिद्ध झाल्याची उदाहरणे कमी आहेत, म्हणून मी ते जपून वापरतो. तिसरी गोष्ट मला अधिक पटते. संसर्ग ओसरल्यावरही फुप्फुसात बी-पेशी आणि टी-पेशींचे छोटे पुंजके तयार होऊन राहू शकतात. उंदरांत इन्फ्लुएंझानंतर ते स्पष्ट दिसतात आणि संधिवाताशी संबंधित आयएलडीच्या रुग्णांच्या फुप्फुसांतही सापडतात. सतत इजा होत असलेल्या, मृत पेशींचे अवशेष पडलेल्या ऊतीत हे पुंजके टिकून राहिले तर चुकीच्या पेशींना तिथेच प्रोत्साहन मिळत जाते.

मग कारण कोण? माझे उत्तर असे की, बहुतेक रुग्णांत जनुकीय प्रवृत्ती, वय, धूर-धूळ आणि संसर्ग या सगळ्यांची गाठ पडावी लागते. अनेक स्वयंप्रतिकार आजारांत अँटीबॉडी रक्तात लक्षणांच्या वर्षानुवर्षे आधीपासून असतात हे माहीत आहे. ताईंच्या रक्तात पीएल-१२ तापाआधी होती का, हे तेव्हाचा रक्तनमुना जपून ठेवलेला असल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. ताप आला नसता तर हे झालेच नसते, असा निष्कर्ष काढून त्या तापाबद्दल कोणी स्वतःला दोष देऊ नये.

सुहृदवाचक

वाचनखूण साठवली आहे. अन्वय, एमडीए-५ बद्दलही लिहावे ही विनंती. कोविडच्या काळात ते नाव वारंवार कानावर आले होते.

अन्वय

एमडीए-५ हे आपल्या प्रत्येक पेशीतले पहारेकरी प्रथिन आहे. कोरोनाविषाणूंसारख्या आरएनए विषाणूंची वाढ होताना दुपदरी आरएनए तयार होतो. एमडीए-५ तो ओळखते आणि इंटरफेरॉन (विषाणूला रोखणारी प्रथिने) सोडण्याचा आदेश देते. डर्माटोमायोसायटिस या त्वचा आणि स्नायूंच्या ऑटोइम्यून आजाराच्या एका प्रकारात याच प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असतात. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये ही अँटीबॉडी प्रथम वर्णिली, तेव्हा ती कोणत्या प्रथिनावर बसते हे ठाऊक नव्हते. २००९ मध्ये ते एमडीए-५ असल्याचे स्पष्ट झाले. विषाणू ओळखणाऱ्या प्रथिनावरच अँटीबॉडी बसावी, हे पाहिल्यापासून संसर्गाशी असलेल्या नात्याचा संशय कायम आहे.

इंग्लंडमधील यॉर्कशायर भागात कोविडच्या वर्षांत एमडीए-५ पॉझिटिव्ह रुग्णांची संख्या अचानक वाढलेली दिसली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे ६० रुग्ण होते, त्यांतील २५ जणांना आयएलडी होता आणि ८ जण दगावले. मात्र त्यांच्यातील थोड्याच जणांना आधी कोविड झाल्याची चाचणीने खात्री झालेली होती. साथीच्या लाटा आणि या रुग्णांची वाढ सोबतीने झाली एवढे त्यातून दिसते, प्रत्येक रुग्णात कोविडनेच आजार जडला असे दिसत नाही.

श्वासमार्ग

यात एक भर घालणे मला अत्यावश्यक वाटते. एमडीए-५ चा आयएलडी इतर प्रकारांसारखा सवडीने वाढत नाही. तो काही आठवड्यांत रुग्णाला व्हेंटिलेटरपर्यंत नेऊ शकतो. या रुग्णांत स्नायूंची ताकद बहुधा शाबूत असते, म्हणून खरी सूचना त्वचेवरून मिळते. बोटांच्या पेरांवर आणि कोपरांवर लालसर उंचवटे किंवा खोल जखमा, तळहातावर दुखरे ठिपके, पापण्यांवर जांभळट छटा, केस गळणे, तोंडात व्रण, यांच्यापैकी काही असेल आणि सोबत दम लागत असेल, तर ‘पुढच्या महिन्यात दाखवू’ असे करू नये. रक्तात फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन खूप वाढलेले असणे ही धोक्याची खूण. छातीच्या मधल्या भागात हवा सुटणे ही गुंतागुंतही यांच्यात अधिक दिसते. अचानक छातीत कळ आली, मानेची कातडी दाबल्यावर चरचर लागली, तर थेट तातडीच्या विभागात जावे.

उशीर किती महागात पडतो आणि लवकर उपचार केल्यास काय साधते, याचे उत्तर जपानमधल्या २०२० च्या एका अभ्यासात आहे. तिथे स्टिरॉइड, टॅक्रोलिमस आणि सायक्लोफॉस्फमाइड ही तिन्ही औषधे टप्प्याटप्प्याने न वाढवता सुरुवातीलाच एकत्र दिली गेली. सहा महिन्यांनी ८९ टक्के रुग्ण हयात होते. त्याआधीच्या, औषधे एकामागून एक जोडण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३३ टक्के होते.

पारिजातक

मला स्क्लेरोडर्मा (कातडी जाड आणि कडक करणारा ऑटोइम्यून आजार) आणि त्याच्याशी निगडित आयएलडी आहे. घरी ऑक्सिमीटर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. माझ्या बोटांना रेनॉडचा त्रास आहे, म्हणजे गारव्याने रक्तवाहिन्या आकसून बोटे आधी पांढरी आणि मग निळसर पडतात. अशा बोटावर ऑक्सिमीटर लावला की तो कधी ८२ दाखवतो, कधी नुसत्या रेघा. सुरुवातीला अशा आकड्यांनी घरात किती धावपळ उडाली ते सांगत बसत नाही. आता मी हात कोमट पाण्यात धरते, नेलपॉलिश लावत नाही, यंत्रावरची नाडीची पट्टी एकसारखी हलू लागेपर्यंत थांबते आणि मगच आकडा वहीत लिहिते. बोटे अगदीच दाद देत नसतील तर कानाच्या पाळीला लावायचे सेन्सर मिळतात. सावळ्या त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन खऱ्यापेक्षा किंचित जास्त दाखवू शकते, हेही माझ्या डॉक्टरांनी समजावून सांगितले होते, त्यामुळे आकडा चांगला आहे म्हणून धाप खोटी ठरत नाही.

नीलरेवा, ताईंना म्हणावे, चालण्यापूर्वीचा आणि चालून झाल्याबरोबरचा असे दोन्ही आकडे लिहून ठेवा. मला बसल्या जागी ९६ आणि चालल्यावर ८७ अशी नोंद दाखवल्यावर डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लगेच हाती घेतल्या.

मध्यमा

हा धागा वाचून मी घाबरले आहे. माझ्या धाकट्या भावाला तापानंतर थकवा होता म्हणून कोणीतरी एएनए करायला सांगितले आणि ते ‘वीकली पॉझिटिव्ह’, म्हणजे क्षीण पॉझिटिव्ह, आले. खोकला नाही, दम लागत नाही. तरी त्याची फुप्फुसे तपासून घ्यायची का?

अन्वय

मध्यमा, घाबरू नका. कमी प्रमाणात पॉझिटिव्ह एएनए निरोगी लोकांतही बऱ्यापैकी आढळते आणि संसर्गानंतर काही काळ तात्पुरते वाढतेही. निगेटिव्ह एएनएने आजार नाकारता येत नाही, त्याचप्रमाणे पॉझिटिव्ह एएनएने तो सिद्धही होत नाही.

धोका एकंदर किती, हेही आकड्यांत पाहावे. जर्मनीत कोविड झालेल्या सुमारे ६.४ लाख लोकांची, तो न झालेल्या तशाच लोकांशी तुलना करणारा अभ्यास २०२३ मध्ये आला. नव्याने ऑटोइम्यून आजार होण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त होते, आणि बातम्यांत एवढाच आकडा फिरला. प्रत्यक्षात दर हजार व्यक्तींमागे वर्षाला सुमारे १५ विरुद्ध साडेदहा असा तो फरक होता, आणि त्यात थायरॉइडपासून सोरायसिसपर्यंत सगळे आजार धरलेले होते. फुप्फुसांपर्यंत पोहोचणारे त्यांतले अगदी थोडे.

श्वासमार्ग

सहमत. लक्षणे नसताना चाचण्यांच्या मागे लागू नये. भावाला पुढे दम लागू लागला, सांधे सुजले किंवा बोटे पांढरी पडू लागली तर मात्र तो रिपोर्ट सोबत घेऊन जावे. आयएलडी आहे, ऑटोइम्यून आजाराच्या काही खुणा आहेत, पण कोणत्याही एका आजाराच्या चौकटीत बसत नाही, असेही रुग्ण असतात. त्यांच्यासाठी युरोपीय आणि अमेरिकन श्वसनरोग संस्थांनी २०१५ मध्ये आयपॅफ नावाची वेगळी व्याख्या केली. अशा रुग्णांवर वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते, कारण नेमके निदान काही वेळा नंतर स्पष्ट होते.

अन्वय यांच्या पोस्टला एक पुरवणी जोडतो, कारण ही गोष्ट उलट दिशेनेही घडते. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिवावर बेतलेल्या कोविड न्यूमोनियाच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनला निष्प्रभ करणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या, आणि त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणविरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांत अशी एकही व्यक्ती नव्हती. म्हणजे तिथे ऑटोइम्युनिटी आधी होती आणि तिच्यामुळे विषाणूला रान मोकळे मिळाले.

नीलरेवा

सर्वांचे मन:पूर्वक आभार. पारिजातक, तुमची सूचना ताईला वाचून दाखवली, आजपासून वही सुरू केली आहे.

श्वासमार्ग, उपचारांबद्दल विचारते. ताईला स्टिरॉइडमुळे झोप येत नाही, चेहरा सुजला आहे आणि ती ते बंद करायचे म्हणते. दुसरे म्हणजे, एका नातेवाइकांनी सांगितले की फायब्रोसिसवर (फुप्फुसांत व्रण होण्यावर) वेगळी गोळी असते, मग ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कशाला? आणि लसी घ्याव्यात की नाहीत, यावर घरात एकमत नाही.

श्वासमार्ग

पहिल्या मुद्द्यावर अगदी स्पष्ट लिहितो. काही आठवडे घेतलेले स्टिरॉइड एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते, कारण त्या काळात शरीराच्या अधिवृक्क ग्रंथींनी स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे जवळजवळ थांबवलेले असते. ताईंचा त्रास खरा आहे आणि तो डॉक्टरांना सांगायलाच हवा. डोस सकाळी एकदाच घेणे, तो हळूहळू उतरवणे, हाडांसाठी संरक्षण देणे, साखर आणि रक्तदाब पाहणे, हे सारे त्यासाठीच असते. मायकोफेनोलेट जोडण्याचा हेतूच स्टिरॉइड कमी करता यावे हा आहे, पण त्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात. ते चालू असताना रक्तपेशींची तपासणी नियमित हवी आणि गर्भधारणा होता कामा नये, कारण गर्भाला त्यापासून गंभीर इजा होते. स्टिरॉइडचा डोस प्रेडनिसोलोनच्या २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असून महिनाभर चालणार असेल, त्यातच दुसरे प्रतिकार दाबणारे औषध जोडलेले असेल, तर न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीजन्य न्यूमोनियापासून बचावासाठी बहुधा कोट्रायमोक्साझोल दिले जाते. ते दिले आहे का, एवढे विचारून घ्या. सुप्त क्षयरोग आणि हेपटायटिस बी यांच्या चाचण्या झाल्या आहेत का, हेही पाहा.

पारिजातक यांच्यासारख्या स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत मात्र हिशेब वेगळा असतो. त्यांच्यात जास्त डोसच्या स्टिरॉइडने मूत्रपिंडांवर अचानक संकट ओढवू शकते, म्हणून तिथे आयएलडीसाठी स्टिरॉइडने सुरुवात करू नये असे मार्गदर्शक सूचना सांगतात. एकाचे औषध दुसऱ्याने घेऊ नये, याला या आजारांत फार अर्थ आहे.

फायब्रोसिसची गोळी म्हणजे बहुधा निंटेडॅनिब. २०१९ च्या एका मोठ्या चाचणीत, वेगवेगळ्या कारणांनी वाढत्या फायब्रोसिसच्या रुग्णांत, वर्षभरात फुप्फुसांच्या धारणशक्तीत होणारी घट सुमारे १८८ मिलिलिटरवरून ८१ मिलिलिटरवर आली. तिने घसरण मंदावते, गेलेले परत येत नाही, आणि जुलाबाचा त्रास बऱ्याच जणांना होतो. ताईंच्या फुप्फुसात अजून दाह असेल तर तो विझवणे हे पहिले काम, कारण दाहाचा भाग औषधाने मागे फिरू शकतो आणि व्रण झालेला भाग फिरत नाही. दाह आटोक्यात येऊनही व्रण वाढत राहिले, तर ही गोळी जोडण्याचा विचार होतो.

लसींबाबत घरातला वाद मिटवता येईल असे उत्तर आहे. जिवंत विषाणूंच्या लसी ही औषधे चालू असताना टाळायच्या. इन्फ्लुएंझाची निष्क्रिय लस, न्यूमोकॉकसची आणि कोविडची लस घ्यावी, कारण नव्या संसर्गाने हाच आजार पुन्हा उसळी घेऊ शकतो. पुढे रिटुक्सिमॅब द्यायचे ठरले तर मात्र वेळ साधावी लागते. ते बी-पेशी संपवते, त्यामुळे त्यानंतर लगेच दिलेली लस फारशी उपयोगी पडत नाही. इन्फ्लुएंझाची लस तिच्या हंगामात घ्यावी, थांबू नये. बाकीच्या निष्क्रिय लसी रिटुक्सिमॅबच्या पुढच्या डोसची वेळ जवळ आल्यावर घ्याव्यात आणि तो डोस लसीनंतर दोन आठवड्यांनी द्यावा, अशी पद्धत आहे. हे वेळापत्रक छातीरोगतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवावे, म्हणून दोघांच्याही चिठ्ठ्या एकाच फाइलमध्ये ठेवा.

नीलरेवा

कोट्रायमोक्साझोल दिलेले नाही. उद्या सकाळीच फोन करून विचारते.